वास्तव्य, परकीयांचे : मुदत व मुदतवाढ

एखाद्या देशात कायदेशीर रीत्या आलेल्या परकीय व्यक्तीला तेथे ठराविक काळापर्यंत राहण्याची अनुमती त्या देशाचे शासन देते. ही मुदत संपण्यापूर्वी ती पुढे वाढवून देण्याच्या शासकीय कृतीस वास्तव्याची मुदतवाढ म्हणतात. स्वदेशात राहणे हा नागरिकाचा हक्क असतो. परदेशात राहणे ही त्या देशाने दिलेली सवलत असते. त्यामुळे मुदतवाढ मागता येते, पण ती हक्काने वसूल करता येत नाही. या विषयातील बहुतेक सर्व नियम या एका तत्त्वातून निघालेले आहेत.

पारपत्र, व्हिसा आणि वास्तव्याची अनुमती या तीन गोष्टींची नेहमी गल्लत होते. पारपत्र व्यक्तीचे स्वतःचे शासन देते. ‘हा आमचा नागरिक असून त्याला आम्ही परत घेऊ’ अशी हमी त्यात अभिप्रेत असते. व्हिसा ज्या देशात जावयाचे त्या देशाचा परराष्ट्र-प्रतिनिधी देतो. ‘पाहिलेले’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेल्या या संज्ञेचा मूळ आशय पारपत्र तपासून पाहिल्याची खूण एवढाच आहे. तिसरी गोष्ट म्हणजे प्रवेशाच्या वेळी बंदरावर वा विमानतळावर ठरणारी राहण्याची मुदत. व्हिशावरील तारीख ही बहुधा दार ठोठावण्याची अखेरची तारीख असते. आत किती दिवस राहावयाचे, ते निराळे ठरते. अमेरिकेच्या बाबतीत हा भेद ठळकपणे दिसतो. दहा वर्षांचा अभ्यागत-व्हिसा हाती असला, तरी प्रत्येक खेपेस सामान्यतः सहा महिनेच राहता येते. पहिली तारीख हीच दुसरी समजल्यामुळे सुशिक्षित कुटुंबेही अडचणीत आली आहेत.

इतिहास : पहिल्या महायुद्धापूर्वी (१९१४) यूरोपातील बऱ्याच देशांत पारपत्रावाचून हिंडता येत असे. युद्धकाळात हेरगिरीच्या भीतीने निर्बंध आले आणि युद्ध संपल्यावरही ते उठले नाहीत. राष्ट्रसंघाने १९२० मध्ये पॅरिस येथे भरविलेल्या परिषदेने पारपत्राचा सर्वमान्य नमुना सुचविला. ज्यांना पारपत्र देणारे शासनच उरले नव्हते, अशा रशियन निर्वासितांसाठी १९२२ मध्ये फ्रित्यॉफ नान्सेन यांच्या पुढाकाराने ‘नान्सेन पारपत्र’ हा दस्तऐवज निघाला. हिंदुस्थानात १९२० च्या अधिनियमाने प्रवेशासाठी पारपत्र आवश्यक करण्यात आले, १९३९ च्या अधिनियमाने परकीयांची नोंदणी सुरू झाली आणि १९४६ च्या परकीय नागरिक अधिनियमाने त्यांचा प्रवेश, वास्तव्य व निर्गमन यांवर सरकारला व्यापक अधिकार मिळाले. आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी या अधिनियमाने त्या व्यक्तीवरच टाकली होती. हे तिन्ही अधिनियम, तसेच वाहतूकदारांच्या दायित्वाविषयीचा २००० चा अधिनियम, एकत्रित करून २०२५ चा आप्रवासन व परकीय नागरिक अधिनियम करण्यात आला असून तो १ सप्टेंबर २०२५ पासून अंमलात आहे.

वळिवडे येथील पोलिश वसाहत : मुदतवाढ ही केवळ यजमान देशाच्या मर्जीची बाब आहे, असा समज या कायद्यांवरून होईल. वस्तुतः ती दोन शासनांच्या अस्तित्वावर अवलंबून असते : ठेवून घेणारे आणि परत घेणारे. यांपैकी दुसरे नाहीसे झाले म्हणजे काय होते, याचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण कोल्हापूरजवळच्या वळिवडे या गावी घडले.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनी व सोव्हिएट रशिया यांनी पोलंड वाटून घेतला. पूर्व पोलंडमधील लाखो लोकांना १९४०-४१ मध्ये सायबीरिया, कझाकस्तान इ. भागांत हद्दपार करण्यात आले. तत्पूर्वीच, नोव्हेंबर १९३९ च्या हुकुमाने सोव्हिएट सरकारने या प्रदेशातील रहिवाशांना आपले नागरिक ठरविले होते. जर्मनीने रशियावर आक्रमण केल्यानंतर ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधील निर्वासित पोलिश सरकार व सोव्हिएट सरकार यांच्यात करार झाला आणि हद्दपार पोलिशांची मुक्तता झाली. जनरल व्ल्यादिस्वाव आंडर्स यांच्या सैन्याबरोबर १९४२ मध्ये एक लाखाहून अधिक सैनिक व नागरिक कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात पोहोचले. पुरुष सैन्यात गेले. स्त्रिया, मुले व वृद्ध यांची सोय निरनिराळ्या देशांत लावावी लागली. हिंदुस्थानात नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे १९४२ मध्ये मुलांसाठी छावणी उघडली, तर कुटुंबांसाठी १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानात वळिवडे येथे वसाहत बांधण्यात आली.

वळिवडे हे गाव कोल्हापूर–मिरज लोहमार्गावर आहे. कराचीमार्गे आलेल्या सु. ५,००० पोलिश लोकांची लांबच लांब बराकींत येथे सोय करण्यात आली. प्राथमिक शाळांपासून माध्यमिक विद्यालयापर्यंत शिक्षण, रुग्णालय, चर्च, नाट्यगृह, बालवीर पथके अशा सर्व सोयी असलेले ते एक लहानसे पोलिश गावच होते. कोल्हापूरच्या बाजारपेठेशी त्याचे रोजचे व्यवहार चालत. या वसाहतीच्या आठवणी लिहिणाऱ्यांनी तेथील जीवनाविषयी पुष्कळ लिहिले आहे. त्या मानाने ही माणसे कोणत्या अधिकाराने तेथे राहत होती, या प्रश्नाकडे कमी लक्ष गेले आहे. तो प्रश्न साधा नाही.

ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे संस्थानी प्रदेशाला आपोआप लागू होत नसत. कोल्हापुरात त्या वेळी गादीवर अज्ञान राजपुत्र असल्याने कारभार रीजन्सीमार्फत चालत होता आणि संस्थानावर ब्रिटिश रेसिडेंटची देखरेख होती. तेव्हा वळिवड्याच्या रहिवाशांचे वास्तव्य एखाद्या व्यक्तीला मिळालेल्या परवान्यावर नव्हे, तर हिंदुस्थान सरकार, कोल्हापूर दरबार आणि लंडनमधील पोलिश सरकार यांच्यातील समजुतीवर उभे होते. मुंबईत पोलंडचा वाणिज्यदूतावास होता व कागदपत्रांचे काम तो पाही. ही व्यवस्था युद्धकाळापुरती होती. मुदत एका ठरलेल्या दिनांकाऐवजी एका घटनेवर, म्हणजे युद्धसमाप्तीवर, अवलंबून ठेवण्यात आली होती. युद्ध संपेल, पोलंड स्वतंत्र होईल आणि ही मंडळी घरी जातील, असे सर्वांनी गृहीत धरले होते.

युद्ध संपले, पण घर जागेवर राहिले नाही. फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा परिषदेत पूर्व पोलंडचा बहुतेक प्रदेश सोव्हिएट रशियाकडे जाण्याचे ठरले आणि ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटन व अमेरिका यांनी लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेऊन वॉर्सातील सरकारला मान्यता दिली. वळिवड्याच्या दृष्टीने या दिवसाचा अर्थ असा, की ज्या शासनाच्या नावावर ही माणसे येथे आली होती ते कायद्याच्या दृष्टीने उरले नाही. ज्या गावांहून ती हद्दपार झाली होती ती गावे पोलंडमध्ये राहिली नाहीत. आणि ज्या घटनेपर्यंत त्यांना राहू द्यावयाचे होते ती घटना घडून गेली होती. मुदत संपली होती, परंतु परत पाठविण्याचे ठिकाण नव्हते. वॉर्सातील सरकार त्यांना घेण्यास तयार होते. मात्र रशियातील छावण्यांचा अनुभव घेतलेल्यांपैकी थोडेच जण तिकडे गेले.

यानंतरची जवळजवळ तीन वर्षे म्हणजे एक अलिखित मुदतवाढच होती. छावण्यांची जबाबदारी प्रथम संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन प्रशासनाने (युनरा) घेतली व जुलै १९४७ पासून आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेच्या पूर्वतयारी आयोगाकडे ती आली. बालाचडीची छावणी १९४६ मध्ये बंद होऊन तेथील उरलेली मुले वळिवड्यास आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परकीय नागरिक अधिनियम झाला आणि १५ ऑगस्ट १९४७ रोजी यजमान राज्यही बदलले. ज्याने मुदत दिली ते हिंदुस्थान सरकार आणि ज्याच्या हमीवर ती दिली ते पोलिश सरकार ही दोन्ही गेली, तरी बराकीतील माणसे तेथेच होती. एवढ्या काळात त्यांना कोणी बळाने बाहेर काढले नाही, ही गोष्ट नोंदविण्यासारखी आहे.

यातून सुटका झाली ती तिसऱ्या देशांच्या निर्णयांमुळे. ब्रिटनच्या संसदेने १९४७ मध्ये पोलिश पुनर्वसन अधिनियम संमत केला. त्यानुसार ब्रिटिश सेनापतित्वाखाली लढलेल्या पोलिश सैनिकांना व त्यांच्या आश्रितांना ब्रिटनमध्ये स्थायिक होता येऊ लागले. ज्यांचे पती, पिता वा भाऊ सैन्यात होते, त्यांना मार्ग मोकळा झाला. ज्यांचे तसे कोणी नव्हते, त्यांतील अनेकांना पूर्व आफ्रिकेतील छावण्यांत, म्हणजे पुन्हा एका तात्पुरत्या वास्तव्यात, जावे लागले. काही लेबाननला गेले. कोणाचा भाऊ कोणत्या पलटणीत होता यावरून बहिणीचे पुढचे आयुष्य ठरले. भारतीयांशी विवाह करून येथेच राहिलेल्या पोलिश स्त्रिया मोजक्याच होत्या. १९४८ मध्ये वसाहत रिकामी झाली.

याच सुमारास न्यूझीलंडमध्ये घडलेली गोष्ट तुलनेसाठी उपयुक्त आहे. तेथील पंतप्रधान पीटर फ्रेझर यांच्या निमंत्रणावरून ७३३ पोलिश मुले नोव्हेंबर १९४४ मध्ये पहिआतुआ येथे आली, तीही युद्धकाळापुरतीच. युद्धानंतर मात्र न्यूझीलंडने त्यांना राहावयाचे की जावयाचे, याची निवड करू दिली व बहुतेक मुले तेथेच राहिली. आगमनाची अट एकच, शेवट दोन. फरक पडला तो यजमान देशाने मुदतवाढीचे रूपांतर स्थायी वास्तव्यात करावयाचे की नाही, एवढ्यावरून. अर्थात फाळणीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या हिंदुस्थानाकडून तशी अपेक्षा करणे न्याय्य नव्हते, हेही मान्य केले पाहिजे.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात १९९८ मध्ये या वसाहतीचे स्मारक उभारण्यात आले. वळिवडे येथील स्मृतिस्तंभाचे अनावरण सप्टेंबर २०१९ मध्ये झाले. त्या प्रसंगी बालपण तेथे घालविलेले वृद्ध पोलिश नागरिकही आले होते. वॉर्सा येथेही कोल्हापूरचे स्मारक आहे.

पोलिश गेले आणि त्याच जागी सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती झाली. आज घाऊक कापडबाजारासाठी प्रसिद्ध असलेले गांधीनगर ते हेच. एकाच जागेवर, एकापाठोपाठ आलेल्या या दोन समुदायांची कायद्यातील स्थिती मात्र अगदी भिन्न होती. पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी १९ जुलै १९४८ पासून परवानापद्धती सुरू झाली. भारतीय संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदानुसार, ज्यांचा स्वतःचा वा आईवडील-आजीआजोबांपैकी एकाचा जन्म अखंड हिंदुस्थानात झाला होता असे लोक त्या दिनांकापूर्वी येऊन येथे राहिले असतील, तर ते भारताचे नागरिक मानले गेले. नंतर आलेल्यांना सहा महिन्यांच्या वास्तव्यानंतर अर्ज करून नोंदणी करून घ्यावी लागली. सिंधी कुटुंबाला राहण्यासाठी मुदत मागावी लागली नाही. त्याचे घर गेले होते, पण त्याला आपले म्हणणारे राज्य होते.

न्यायालयांची भूमिका : दीर्घकाळ मुदतवाढ मिळत गेल्याने राहण्याचा हक्क निर्माण होतो काय, या प्रश्नाला भारतीय न्यायालयांनी नकारार्थी उत्तर दिले आहे. हान्स म्युलर खटल्यात (१९५५) परकीयाला देशाबाहेर घालविण्याचा केंद्र सरकारचा अधिकार अनिर्बंध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. लुई द राइट विरुद्ध भारत संघराज्य (१९९१) हा खटला प्रस्तुत विषयाशी थेट निगडित आहे. १९३७ पासून भारतात राहिलेल्या एका बेल्जियन धर्मप्रसारकास पुढील मुदतवाढ नाकारण्यात आली. संविधान अंमलात आले त्या वेळी आपण पाच वर्षांहून अधिक काळ येथील रहिवासी होतो, म्हणून आपण नागरिकच आहोत, असा त्याचा दावा होता. न्यायालयाने तो फेटाळला. केवळ वास्तव्य पुरेसे नाही, येथे कायमचे राहण्याचा हेतू, म्हणजे अधिवास, सिद्ध झाला पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. अर्धशतक परकीय पारपत्रावर व परवान्यावर राहिलेल्या माणसाला तो सिद्ध करता आला नाही. परकीयाला संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदाने जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य यांचे संरक्षण मिळते. देशात कोठेही राहण्याचे व स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य हे एकोणिसाव्या अनुच्छेदानुसार फक्त नागरिकांचे आहे. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही, त्यामुळे निर्वासितांच्या मुदतीचे प्रश्नही शासनाच्या धोरणानेच सुटतात.

कार्यपद्धती : भारतात एकशे ऐंशी दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिशावर येणाऱ्या परकीयाने सामान्यतः आगमनापासून चौदा दिवसांत नोंदणी करावयाची असते. मुंबईसारख्या मोठ्या शहरांत विभागीय परकीय नागरिक नोंदणी अधिकारी असतो. कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात हे काम परंपरेने पोलीस अधीक्षकाकडे असते. २०१८ पासून नोंदणी, मुदतवाढ व निर्गमन परवाना यांसाठीचे अर्ज संगणकीय पद्धतीने करता येतात. अर्ज मुदत संपण्यापूर्वी करणे, ज्या कारणासाठी व्हिसा मिळाला ते कारण अद्याप चालू असल्याचे दाखविणे आणि पारपत्र वैध असणे या प्रमुख अटी होत. विद्यार्थ्याला विद्यापीठाचे प्रमाणपत्र, नोकरदाराला मालकाचे पत्र, राहत्या जागेचा पुरावा इ. लागतात. पर्यटनासाठीच्या व्हिशाची मुदत सहसा वाढत नाही, आणि पर्यटक म्हणून येऊन विद्यार्थी म्हणून राहता येत नाही. हॉटेलचालक, रुग्णालये व शिक्षणसंस्था यांच्यावरही आपल्याकडील परकीयांची माहिती कळविण्याचे बंधन आहे. मुदत उलटून राहिल्यास २०२५ च्या अधिनियमान्वये तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा तीन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

मुदत वाढते तशी ती मध्येच तुटूही शकते. २०२० मध्ये कोव्हिड साथीमुळे विमानसेवा बंद पडली, तेव्हा अडकून पडलेल्या परकीयांच्या व्हिशाची मुदत भारत सरकारने शुल्क न घेता वाढविली. याउलट एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथील हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसे त्यांवरील तारीख शिल्लक असतानाही रद्द झाले. त्यातून हिंदू पाकिस्तानी नागरिकांना मिळालेले दीर्घ मुदतीचे व्हिसे वगळण्यात आले.

परदेशातील मराठी कुटुंबे : भारतातून परदेशी गेलेल्यांना हाच विषय उलट बाजूने भेटतो. अमेरिकेत विशेष कौशल्याच्या नोकरीसाठी मिळणारा एच-१बी दर्जा एका वेळी तीन वर्षांपर्यंत व सर्वसाधारणपणे एकूण सहा वर्षांपर्यंत मिळतो. कायम वास्तव्याचा अर्ज ठराविक टप्प्यापर्यंत गेलेला असल्यास २००० च्या कायद्यानुसार त्यापुढेही मुदतवाढ मिळते. भारतीयांची प्रतीक्षायादी फार लांब असल्याने अनेक कुटुंबांचे संसार, मुलांचे शिक्षण व घराचे कर्ज अशा तीन-तीन वर्षांच्या तुकड्यांवर उभे आहेत. नोकरी सुटली, तर दुसरी मिळविण्यास वा देश सोडण्यास सामान्यतः जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात.

मुलीच्या वा सुनेच्या बाळंतपणासाठी जाणाऱ्या आईवडिलांचा प्रश्न याहून साधा, पण अधिक वेळा उद्भवणारा आहे. सहा महिने अपुरे वाटले, म्हणजे मुदतवाढीचा अर्ज करण्याचे ठरते. तो मूळ मुदत संपण्यापूर्वी दाखल झाला पाहिजे. वेळेत केलेला अर्ज प्रलंबित असेपर्यंतचा काळ अवैध वास्तव्य म्हणून मोजला जात नाही. पण अर्ज नाकारला गेल्यास तेव्हापासून दिवस मोजले जाऊ लागतात. १९९६ च्या कायद्याप्रमाणे एकशे ऐंशी दिवसांहून अधिक अवैध वास्तव्य करून परतलेल्यास तीन वर्षे आणि एक वर्ष वा अधिक राहिलेल्यास दहा वर्षे पुनःप्रवेशास बंदी होते. नातवंडाचा वाढदिवस गाठण्यासाठी राहिलेल्या आजीला नंतरचे अनेक वाढदिवस मुकावे लागू शकतात. शेंगेन करारातील यूरोपीय देशांत अल्पकालीन अभ्यागताला कोणत्याही एकशे ऐंशी दिवसांत नव्वद दिवस राहता येते. हे दिवस सर्व देशांत मिळून मोजले जातात, त्यामुळे फ्रान्समधून जर्मनीत गेल्याने नवी मुदत सुरू होत नाही. मुदतवाढ आजारपण किंवा तत्सम अपरिहार्य कारणासाठीच मिळते.

परदेशाचे नागरिकत्व घेतलेल्या भारतीयाचे भारतीय नागरिकत्व १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमाप्रमाणे संपुष्टात येते आणि स्वतःच्या गावी राहण्यासाठीही त्याला परकीय म्हणून परवानगी लागते. ही अडचण दूर करण्यासाठी २००५ च्या दुरुस्तीने भारताचा परदेशस्थ नागरिक असा दर्जा व्यापक प्रमाणावर उपलब्ध करण्यात आला. पूर्वीची भारतीय मूळ व्यक्ती कार्डे जानेवारी २०१५ मध्ये त्यात विलीन झाली. या कार्डधारकाला आजन्म अनेकवार प्रवेश मिळतो व कितीही काळ राहिले तरी नोंदणी वा मुदतवाढ सामान्यतः लागत नाही. मतदानाचा, तसेच शेतजमीन खरेदी करण्याचा हक्क मात्र त्याला नाही. वारसाने आलेली शेतजमीन तो ठेवू शकतो.